जवारीचे पैसे

कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटी करून बघायची मला सवय आहे. बिस्किटांचा पुडा, टूथपेस्टची नळी, पंख्याचं खोकं, एसटीच्या दाराजवळ ठोकलेली पत्र्याची पट्टी, काहीही. पुढच्या बाजूला रंग असतात, आश्वासनं असतात. मागच्या बारीक अक्षरांत गाव असतं. कुपवाड, रांजणगाव, बद्दी, सिल्वासा. चहाला आधण ठेवलेलं असतं आणि मी ओट्याशी उभा राहून ही चहापत्ती कुठं भरली ते शोधत असतो. सापडलं की बरं वाटतं. त्या गावाला मी कधी गेलेलो नसतो, तरी सकाळी सहाच्या पाळीला तिथं कुणीतरी डबा घेऊन गेटातून आत शिरलं असणार, त्यानंच हे पाकीट माझ्या ओट्यापर्यंत पोचवलं, एवढं मनात येऊन जातं.

नोकरीच्या पगारातून उरेल तसे मी शेअर घेत गेलो आणि घेतलेले धरून ठेवत गेलो. विकले क्वचितच. शेअर बाजार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं लाल-हिरवे आकडे धावू लागतात. माझ्या कानात आधी कारखान्याचा भोंगा वाजतो. हे बहुधा कोयना एक्स्प्रेसमुळं झालं असावं. सुट्टीत पुण्याहून सांगलीला जाताना कऱ्हाड मागं पडलं, ताकारी गेलं, की खिडकीशी सरकून बसायचं. किर्लोस्करवाडी यायची. गाडी थांबायची ती एका कारखान्याच्या नावाच्या स्टेशनात, याचं तेव्हा फार अप्रूप होतं. गावांवरून माणसांना आडनावं मिळतात हे माहीत होतं. इथं एका माणसाचं आडनाव गावाला मिळालेलं.

त्या माणसाची गोष्ट आमच्या भागात घरोघर सांगतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. घडवलेले नांगर पडून राहिले. मग १९१० साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली, ती निवडुंगाचं माळरान होती, आणि तिथं कारखान्याबरोबर गावही वसलं. मला या गोष्टीतला न खपलेला नांगर सगळ्यांत जवळचा वाटतो. चांगली वस्तू तयार आहे, करणाऱ्याला तिची खात्री आहे, आणि गिऱ्हाईक यायला तयार नाही. या मधल्या काळात पैसा कुणीतरी अडकवून ठेवावा लागतो. गुंतवणूक या गोष्टीबद्दल मला जो आदर आहे, तो या मधल्या काळाबद्दलचा आहे. पुढं १९२० मध्ये याच कारखान्यानं आपल्या मालाची माहिती देण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं छोटं पत्र काढलं. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्याचं मासिक झालं, त्याच्या पाठोपाठ ‘स्त्री’ आलं, ‘मनोहर’ आलं, आणि घराघरांतल्या बायका दुपारची झाकपाक झाल्यावर नांगराच्या कारखान्यातून आलेलं ते साहित्य वाचू लागल्या. धंद्यातून काय काय उगवेल याचा हिशेब कुठल्या ताळेबंदात मांडणार?

पण पैशाची माझी पहिली ओळख कोयना एक्स्प्रेसच्याही आधीची. आजोबा, म्हणजे आमचे अण्णा, सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. घरी आले की त्यांच्या धोतराला, टोपीला, हातातल्या छत्रीलासुद्धा हळदीचा वास असायचा. आजी त्यांचे कपडे वेगळे भिजवायची. हळदीचे सौदे तेव्हा रुमालाखाली व्हायचे. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरायचे, वर कापड टाकायचे, आणि भाव बोटांनी ठरायचा. आजूबाजूला माणसांची गर्दी, हमालांची हाळी, पोत्यांची धूळ, आणि त्या सगळ्याच्या मधोमध दोन हात कापडाखाली गुपचूप बोलत असायचे. अण्णांनी एकदा तो खेळ मला घरी करून दाखवला होता. कोणती बोटं दाबली ते आता विसरलो. त्यांच्या तळव्याचा खरखरीत, कोरडा स्पर्श तेवढा राहिलाय.

सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथं हळदीची पेवं होती. जमिनीत उभं खोल खणलेलं, वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठं, अशी ही कोठारं. हरिपूरची माती चिवट, बाजू ढासळत नसत. आत पालापाचोळ्याचं अस्तर लावायचं, हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वरून बघणाऱ्याला नुसतं सपाट रान दिसावं. हळद तिथं वर्षानुवर्षं राहायची. कीड नाही, रंग उतरणं नाही. पेव उघडलं तरी माणूस लगेच आत उतरत नसे. आतली हवा कोंडलेली असते. तोंड काही तास मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला नाही तर माणूस उतरायचा. अण्णा सांगत, की पेवातली हळद कित्येकदा जमिनीतल्या जमिनीत मालक बदलते. कागदावर विकली जाते, पुन्हा विकली जाते, आणि माल मात्र अंधारात जागच्या जागी असतो. मला ते ऐकताना अंगावर काटा यायचा. इतक्या माणसांनी न बघितलेल्या वस्तूवर विश्वास ठेवायचा, आणि तो विश्वास एका वहीतल्या ओळीवर उभा असायचा. ती ओळ लिहिणारे अण्णा होते. महिन्याच्या पगारावर काम करणारा हा माणूस आकडा लिहिण्याआधी टाक क्षणभर कागदावर धरून ठेवायचा, तो का, हे मला फार पुढं कळलं.

२००५च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि हळदीचं अतोनात नुकसान झालं. त्यानंतर माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला आनंद झाला, आणि तो सांगायला अण्णा हवे होते असंही वाटलं.

आत्या मिरजेत राहायची. प्राथमिक शाळेत शिक्षिका, एकटी, दोन खोल्यांचं घर, परसात कण्हेर आणि घरात एक तानपुरा. अण्णांनी तिच्या नावावर एका कंपनीचे थोडे शेअर घेऊन ठेवले होते. तो जमाना कागदी प्रमाणपत्रांचा. जाड, गुळगुळीत, कडेला नक्षी, मध्यभागी कंपनीची मुद्रा. आत्याचं प्रमाणपत्र पेटीत, तिच्या आईच्या शालूखाली असायचं. गौरी-गणपतीच्या सुमाराला पोस्टमन लाभांशाचं पाकीट आणायचा. आत्या सुरीनं पाकीट हळू उघडायची, टिंबाटिंबांच्या रेघेवर नख फिरवून वॉरंट वेगळं करायची, बँकेत भरायची. आणि ते पैसे जमा झाले की तानपुरा घेऊन सतारमेकरांच्या दुकानात जायची. नवरात्राच्या आधी जवारी करून घ्यायची, हा तिचा नेम होता.

मिरजेतली वाद्यं करणारी घरं पिढ्यान् पिढ्यांची. भोपळे पंढरपूरच्या बाजूनं येतात, वाळवलेले, मोठ्या टोपल्यांएवढे, आणि दुकानात छतापर्यंत रचलेले असतात. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. त्यांच्या सुराला साजेसा तानपुरा देणारे हात इथलेच. जवारी करताना कारागीर तारा सैल करतो, घोडीचा माथा कानसेनं किंचित घासतो, तारा पुन्हा चढवतो, छेडतो, मान हलवतो, पुन्हा सैल करतो. माथ्याचा उतार केसभर इकडेतिकडे झाला तरी तार मुकी होते. शेवटी तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतो, आणि मघापर्यंत नुसती वाजणारी तार एकाएकी गुंजायला लागते. आत्या डोळे मिटून बसलेली असायची. मी तिच्याबरोबर त्या दुकानात गेलो आहे. भुशाचा, पॉलिशचा वास, रस्त्यावर टांगे, आणि आत सगळेच जण एका तारेकडे कान लावून बसलेले. त्या दुकानात घाई म्हणून कुणाला नव्हती.

चक्रवाढीचं गणित मला कॉलेजात समजलं आणि त्यानं मी भारून गेलो. १२ टक्क्यांनी पैसा साधारण ६ वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे ३० वर्षांत जवळजवळ पाच दुपटी, १०० रुपयांचे सुमारे ३,००० रुपये. सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ सालचा, तेव्हाचे १०० धरलेले. २०२४च्या जुलैत त्यानं ८०,००० ओलांडले. वर्षाला सुमारे १६ टक्के, आणि यात लाभांश धरलेला नाही. तो पुन्हा गुंतवत गेलं तर आकडा आणखी वर. या गणिताचा मोह अजूनही माझ्यावर आहे. रात्री झोप येत नसली की मी मनात दुपटी मांडतो. कॉलेजात असतानाच मी आत्याला उत्साहानं सांगितलं, की जवारीचे पैसे असेच गुंतवत राहिलीस तर निवृत्तीच्या वेळी केवढे होतील बघ. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. आकडे पुन्हा विचारले. शिक्षिका होती, गणित तिला पटलं. मग म्हणाली, “बरोबर आहे रे तुझं. पण या नवरात्रातला षड्ज मला तेव्हा मिळेल का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. आत्याचा मुद्दा भावनेचा होता असं कुणाला वाटेल, पण मला तो हिशेबाचाच वाटतो. मुद्दलाला व्याज लागतं, व्याजाला व्याज लागतं. ऐकलेल्या सुराला काही लागत नाही. तो वाजतो आणि जातो. पुढच्या वर्षीचा सूर वेगळा, ऐकणारा कानही वर्षानं म्हातारा. गुंतवणूकदाराचा सगळ्यांत मोठा गुण म्हणजे आजचं उद्यावर टाकता येणं. मी तो गुण मनापासून मानतो, त्याच्याच जोरावर घर उभं राहिलं, मुलीचं शिक्षण झालं. पण ज्या गोष्टींसाठी हे सगळं करायचं, त्यांतल्या पुष्कळशा उद्यावर टाकताच येत नाहीत.

हापूसचंच घ्या. मोसमाच्या सुरुवातीच्या पेटीचा भाव ऐकून माणूस मागं सरतो. थांबावं, एप्रिल सरू द्यावा, मेच्या मध्यावर भाव उतरेल, हा शहाणपणा बरोबर असतो. भाव उतरतोच. तरी मी दरवर्षी सुरुवातीलाच एक डझन आणतो. गवतातून काढलेला पहिला आंबा हातात घेऊन देठाशी वास घेणं, घरात तो दोन दिवस दरवळत राहणं, रोज बोटानं हळूच दाबून बघणं, हे मेअखेरच्या स्वस्त आंब्याबरोबर येत नाही. तोवर नाकाला सवय झालेली असते. आणि पहिला पाऊस पडला की संपलंच. मृगानंतरच्या हापूसला काही अर्थ नसतो. बाजारात भावाची वाट बघायला मी शिकलो, पण ऋतू कुणाची वाट बघत नाही, आणि आंबा बाजाराच्या आधी ऋतूचा असतो.

आता सगळं फोनवर आलंय. सौदा आज केला की उद्या शेअर खात्यात, पैसे उद्या हातात. पोस्टमन नाही, मुद्रा नाही, शालूखालची घडी नाही. मला याचं दुःख नाही. हरवलेल्या प्रमाणपत्रांसाठी आणि न जुळणाऱ्या सह्यांसाठी हेलपाटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. लोकलमध्ये, कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत पोरं खाली मान घालून ऑप्शन्सचे भाव बघत असतात. त्यांना त्या कंपनीचा कारखाना कुठं आहे ते माहीत नसतं, माहीत असण्याची गरजही नसते, कारण दुपारी साडेतीनपर्यंतच तिच्याशी संबंध. सेबीनं स्वतः पाहणी करून सांगितलंय, की या व्यवहारांत उतरलेल्या दहा व्यक्तींपैकी नऊ जण तोट्यात जातात. पैसे जातात हे वाईटच. मला त्याहून सलतं ते त्यांच्या ताटातलं थंड झालेलं श्रीखंड-पुरीचं जेवण, तोंड वर न करता संपवलेलं. कमावण्याच्या नादात तो दिवस त्यांनी आधीच खर्चून टाकलेला असतो.

कंपन्यांच्या वार्षिक सभांना मी हौसेनं जात असे. मोठ्या सभागृहात पंख्याखालच्या खुर्च्या पकडून बसलेले निवृत्त बँकवाले, मास्तर, शिंप्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ, पदर खोचून अहवालाच्या पानांवर पेन्सिलनं खुणा केलेल्या आजीबाई. त्यांच्याकडे शेअर पन्नास असोत की पाच, अध्यक्षांना ‘आपल्या कंपनीत’ असं म्हणत प्रश्न विचारायचे. घसारा का वाढला, नवा कारखाना कधी सुरू होणार, कामगारांच्या कँटीनचं काय. कुणी चार ओळींची कविता रचून आणायचं आणि अध्यक्ष ती शांतपणे ऐकायचे. सभा संपली की चहा, वेफर्स, एखादा बटाटेवडा, आणि वर्षभरानं भेटलेल्यांच्या गप्पा. गुडघ्यांच्या, नातवंडांच्या, बोनस शेअरच्या. २०२० नंतर बऱ्याच सभा पडद्यावर गेल्या. दूरच्या भागधारकाची सोय झाली, हे खरंच. पण मालकी म्हणजे काय हे मला त्या वड्याच्या रांगेत जितकं कळलं तितकं कुठल्या पुस्तकात कळलं नाही. एका मोठ्या कामात आपला इवलासा हात आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचाही आहे.

देहूला गेलो की इंद्रायणीच्या घाटावर मी नेहमी तुकोबांच्या खतांच्या गोष्टीपाशी येऊन थांबतो. घराणं वाण्याचं, महाजनकी, सावकारी. दुष्काळानं सगळं उद्ध्वस्त केल्यावर त्यांनी वडिलांच्या वेळची येणी असलेली खतं भावाबरोबर अर्धी अर्धी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची नदीत सोडली, असं परंपरा सांगते. मला या गोष्टीत वाटणी फार महत्त्वाची वाटते. भावाचा हिस्सा त्यांनी बुडवला नाही. त्याला त्याचा संसार होता, त्याचा हिशेब त्याच्याकडे राहू दिला. आणि पुढं आयुष्यभर त्यांच्या वाणीत माप, तराजू, भांडवल, लाभ हे शब्द येतच राहिले. बाजार इतका जवळून पाहिलेल्या माणसानंच कुठली खतं सोडायची हे ठरवावं. माझ्यासारख्याला ते धाडस नाही, तशी हाकही आलेली नाही. पण आपल्या वाट्याचं आणि दुसऱ्याच्या वाट्याचं वेगळं काढता येणं, एवढं तरी त्या घाटावरून घेऊन यावं असं वाटतं.

आत्या गेली, तानपुरा आणि तिचे ते शेअर माझ्याकडे आले. मला गाता येत नाही. मुलगी लहानपणी काही वर्षं शिकली, तिच्या हातात तो होता. दर नवरात्राच्या आधी तो मिरजेला नेऊन जवारी करून आणायचा क्रम मी मोडलेला नाही. त्या कंपनीचा लाभांश आता थेट बँकेत जमा होतो, फोनवर एक ओळ येते, आणि मी तेवढे पैसे बाजूला काढतो. ते मी कधीच परत गुंतवले नाहीत. दुकानात आता मूळ कारागिरांची पुढची पिढी बसते.

मुलीला यंदा बेंगळुरूत नोकरी लागली. पहिला पगार झाला त्या रात्री तिचा फोन आला. “बाबा, पैसे कसे ठेवू?” मी वाटच बघत होतो म्हणा ना. आधी सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम बाजूला ठेव, मग पीपीएफ, मग इंडेक्स फंडात दरमहा ठरावीक, आणि पहिली १० वर्षं त्याच्याकडे फार बघू नकोस. ती टिपून घेत होती, कीबोर्डचा आवाज येत होता. मग थांबली. “हे कळलं. पण खर्च किती करू?”

मी तिला आत्याची सगळी गोष्ट सांगितली. वॉरंट, सुरी, दुकानातला धागा, षड्जाबद्दलचा तो प्रश्न. तिला ती माहीत नव्हती, याचं मला नवल वाटलं. ती म्हणाली, तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक गुरुजी शिकवतात, दारावर पाटी वाचली आहे, फी जरा जास्त वाटते. मी म्हटलं, विचारून तर ये. पुढच्या रविवारी ती जाणार आहे. खर्चाचा आकडा मात्र तिनं पुन्हा विचारला, आणि तो मला अजून सांगता आलेला नाही.